ओली खूण

आधी पट्टीला खडू फासायचा.
निळा, सुताराचा. शेवटचे वीस फूट.
मग पोलादी पट्टी नळीतून खाली सोडायची,
सोडत राहायची,
मनगट बधिर होईपर्यंत.
वर ओढली की जिथे निळा गडद झालेला,
तिथे पाणी.

हे मला व्हर्ला स्टकीनं शिकवलं,
कॅन्ससच्या पश्चिम टोकाला, जानेवारीत.
वारा असा, की बोललेला शब्द
शेजारच्या परगण्यात जाऊन पडावा.
सत्तेचाळीस वर्षं ती मोजत होती.
वही तिची, पेन्सिल तिची,
आकडे मात्र कुणालाच नको होते.

हॅरो आणि सेंट बोनिफेस.
अकरा मैलांवरची दोन गावं
एकमेकांना पाण्यात पाहायची.
कारण जुनं : कुणाच्यातरी पणजोबांनी
रातोरात घोडागाडीत घालून
कचेरीची दप्तरं पळवलेली.
कारण नवं : मांसाचा कारखाना कुणाच्या हद्दीत.
मध्ये लोमा, तीनशे वस्तीचं,
दोन्हीकडचे टोमणे ऐकून घेणारं.

मी इतिवृत्त लिहायचे.
शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या,
कळकट किटलीत कॉफी,
आणि तीन गावांची तीन वेगळी टेबलं.
पहिल्या वर्षी अर्लिन हास्कॅम्प उठला, म्हणाला,
या नकाशात कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरत नाही, अर्लिन, व्हर्ला म्हणाली,
तेच तर सांगतेय.
पाऊस वरच्या वीतभर मातीत अडकतो
आणि ऊन त्याला घेऊन जातं.
खाली आहे ते आपल्या कुणाच्या बापानं भरलेलं नाही.
एकमेकांना पाण्यात पाहायचं
तरी आधी पाणी असावं लागतं ना?

हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.
‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

दुसरं वर्ष वकिलांत गेलं.

तिसऱ्या वर्षी भिंतीवर तक्ता आला :
साल २०७४. माणसं इतकी. गुरं इतकी. तूट इतकी.
सगळे गप्प. कारण त्या रकान्यात
आपण कुणीच नाही, हे दिसत होतं.
तेव्हा कारखान्यातली होदान वर्सामे उठली,
रात्रपाळीचे रबरी बूट अजून पायात :
माझ्या आजोबांच्या विहिरीवर एक नियम होता.
भांडायचं ते उंटांचं पिऊन झाल्यावर.
तहानलेल्या जनावरासमोर भांडायचं नाही.

काही जण हसले.
अर्लिन हसला नाही. त्यानं टोपी काढली,
आत बघितलं, परत घातली.

ठराव सात विरुद्ध चार.
हॅरोनं चार विहिरी बंद करायच्या,
बोनिफेसनं कारखान्याचं पाणी दोनदा वापरायचं,
लोमाजवळ सामाईक उपसा, तेवीस मैल नळ,
पैसा डोईप्रमाणे; मोजणी सगळ्यांसमोर, दर जानेवारीत.
अर्लिननं विरोधात मत दिलं.
आणि पुढच्या मंगळवारी, कुणी न सांगता,
दोन वर्तुळांचा पंप स्वतःच्या हातानं थांबवला.
का, विचारलं तर म्हणाला, डिझेल महाग झालंय.

यंदा मोजलं.
पातळी खालीच गेली. पण पाच इंच.
मागे दोन-दोन फूट जायची.
नळीचं तोंड जेमतेम मुठीएवढं,
आत काळोखाशिवाय काही दिसत नाही,
तरी अर्लिन आणि बोनिफेसची नगराध्यक्षीण
डोक्याला डोकं लावून वाकले होते.

व्हर्लानं आकडा सांगितला, लिहिला नाही.
पेन्सिल माझ्याकडे केली.
तिच्या बोटांच्या पेरांत निळा खडू
इतका बसलेला, की तो आता धुऊन निघत नाही,
आणि त्यासाठी पाणी घालवणं
तिला परवडतही नाही.